‘झोप ती झोपच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

श्रम आणि विश्रांतीचा समतोल सांगणाऱ्या माझ्या सूर्यनमस्कार-शवासनावरच्या लेखाखाली आपण लिहिलंत : “रिकामटेकड्यांचे परदेशी चोचले. माझी आई पहाटे पाचला उठते ती रात्री दहाला टेकते, तिनं कुठला समतोल साधायचा? आणि शवासनात झोप लागली तर बिघडलं काय? झोप ती झोपच.”

टीकेला माझी ना नाही. पण टोपणनावाआडून लोकांना रिकामटेकडे म्हणायचं, हा कुठला स्पष्टवक्तेपणा? इतकी वर्षं वर्ग घेतोय, समोर बसून या भाषेत कुणी बोललं नाही. लेखासोबतच्या फोटोतली चटई महागडी दिसते, हे मात्र मान्य. दुहेरी घोंगडी चालते, गार फरशीवर तर जास्तच चांगली. राहता राहिलं ‘परदेशी’. व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा हे अष्टांगहृदय या आपल्याच जुन्या आयुर्वेदग्रंथात आहे आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी केला. असो.

आता झोप. बारा नमस्कार झाले की लगेच आडवं व्हायचं नाही. मिनिटभर उभं राहून धाप बसू द्यायची. मग शवासन : पाठीवर, पायांत फूट-दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. कंबर धरत असेल तर गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी. अंगावर पातळ पांघरूण हवंच, घाम सुकताना अंग गार पडतं आणि कुडकुडत कुणी सैल होत नाही. २७ पासून उलटे श्वास मोजायचे, चुकलं की पुन्हा २७. जागेपणी स्नायू सोडायला शिकणं, हे यातलं काम. दुपारी कामाच्या खुर्चीत खांदे कानांपर्यंत चढतात, तेव्हा तीच सवय उपयोगी पडते. घोरणाऱ्याला खांदा कधी आवळला नि कधी सुटला, हे कळणार कसं?

डोळा लागतच असेल तर एक कोपर जमिनीला टेकवून मनगट वर, असा हात उभा ठेवा. झोप आली की तो पडतो आणि जाग येते. रोजच दोन-तीन मिनिटांत पडत असेल तर रात्रीची झोप बहुधा अपुरी आहे. नमस्कार निम्मे करा आणि रात्री लवकर अंथरूण गाठा. दुपारी झोपायचंच तर तीनच्या आत, वीस मिनिटांचा गजर लावून. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं आणि रात्री छताकडे बघत पडायची पाळी येते. उठताना कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन. ताडकन उठलं की रक्तदाब क्षणभर घसरून घेरी येऊ शकते. झोप ती झोपच म्हणणाऱ्यांनी यातलं काय करून पाहिलंय?

आईंबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगितलेत, त्यात घरकामही धरतात. दिवसभर राबणाऱ्या माणसाला वर आणखी चालायला पाठवू नका, हे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला नसाल. आणि त्यांनी वेळ कुठून काढायचा हे मला कशाला विचारता? उद्या पहाटेचे डबे तुम्ही भरा.