सरांना अरे-तुरे

माझी भाची पुण्यात शिकते. यंदा तिने कॉलेजसाठी एकांकिका लिहिली आणि "मामा, अरे वाच ना लवकर, सोमवारी द्यायचीय" म्हणत मला पाठवली. तिकडे रात्रीचे साडेअकरा, इथे ब्रिस्टलमध्ये सात. कुकरची शिट्टी होईपर्यंत वाचून झाली.

मुलींची निवासी शाळा. रेक्टर रात्री राऊंड घेतो. तो काय करतो हे रंगमंचावर दिसत नाही. टॉर्चचा उजेड भिंतीवरून फिरतो आणि एका कॉटपाशी थांबतो, एवढंच. मुली बाईंना सांगायला जातात. बाई म्हणतात, "दहावीचं वर्ष आहे, अभ्यासात लक्ष घाला." शेवटी एका रात्री सगळ्या जणी गच्चीवर जातात, जिन्याच्या दाराला आतून कडी घालतात आणि त्यांतली सगळ्यात धाकटी, सहावीतली, प्रार्थनेच्या लाउडस्पीकरवरून ओरडते, "ए रेक्टर, वर बघ!" अंधार.

कॉलेजातल्या मार्गदर्शक सरांनी संहिता वाचली. टॉर्चचा प्रसंग त्यांना चालला. "संयत आहे," म्हणाले. अडलं ते शेवटच्या वाक्यावर. विद्यार्थिनी सरांना अरे-तुरे करते, यातून चुकीचा संदेश जातो. मग सुचवणी आली: मुली प्रकल्प अधिकाऱ्यांना (आश्रमशाळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना) निवेदन देतात असा शेवट करा. महाराष्ट्रात नाटकाची संहिता मंजुरीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, हे आपण जाणतोच. इथे ती तिथवर पोचलीसुद्धा नाही. कातरी स्टाफरूममध्येच निघाली.

मी हे सगळं आमच्या शाळेच्या ग्रुपवर टाकलं. टाकायला नको होतं. दोन तासांत साठ मेसेज. एक गट म्हणाला, निवासी शाळा चालवणं म्हणजे काय हे या शहरी पोरांना काय माहीत, एका रेक्टरपायी सगळ्या संस्थांची बदनामी. एकाने साने गुरुजींचा फोटो टाकला. ते अपेक्षितच होतं. मराठी माणसाच्या डोक्यातलं वसतिगृह म्हणजे अमळनेरचं छात्रालय. मुलांचे कपडे धुणारे, खोल्या झाडणारे, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढणारे गुरुजी. ते खरंच तसे होते. पण त्या एका माणसाच्या पुण्याईवर पुढच्या प्रत्येक रेक्टरला आपण कोरा चेक देऊन बसलो आहोत. आणि साठावा मेसेज नेहमीचा: "तू तिकडे बसून बोलायला काय जातं?"

गंमत म्हणजे ऑगस्ट 2024 मध्ये हाच ग्रुप पेटला होता. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांचं प्रकरण, तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि 20 तारखेला लोक रुळांवर उतरले. तेव्हा "फाशी द्या"च्या खाली कुणाचं बोट थरथरलं नव्हतं. तेच लोक आता म्हणतात, सहावीतल्या मुलीच्या तोंडी "ए" शोभत नाही. रागवायचं ते मोठ्यांनी. रस्त्यावर, झेंडे घेऊन. पोरींनी निवेदन द्यायचं.

भाचीला मी एक जुना फ्रेंच चित्रपट पाहिलायस का विचारलं. नव्हता पाहिला. 1933 सालचा, 'झेरो द कोंदुइत', म्हणजे वर्तणुकीला शून्य. लांबी जेमतेम पाऊण तास, दिग्दर्शक झां व्हिगो. त्याचे वडील 1917 मध्ये तुरुंगात वारले आणि त्यानंतर हा पोरगा खोटं नाव लावून निवासी शाळेत राहिला. चित्रपटात वर्ग चालू असतो. एक स्थूल मास्तर बाकांमधून येतो आणि ताबार नावाच्या मुलाच्या हातावर आपला हात ठेवतो. बस्स, एवढंच दिसतं. मुलगा हात झटकतो आणि मास्तरला एक शिवी हासडतो. मग सगळी यंत्रणा हलते ती त्या शिवीमुळे. माफी माग म्हणतात. मुख्याध्यापक येतात, माफ करायला तयारच असतात. मुलगा उभा राहून तीच शिवी पुन्हा देतो, यावेळी "मास्तरसाहेब" असं रीतसर संबोधून. रात्री उशा फाटतात, पिसं उडतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या समारंभाला आलेल्या बड्या पाहुण्यांवर चार पोरं छपरावरून डबे, चपला फेकतात. सेन्सॉरने अख्ख्या चित्रपटावर बंदी घातली. ती उठली 1945 मध्ये, व्हिगो एकोणतिसाव्या वर्षी मरून अकरा वर्षं झाली होती तेव्हा.

छपराचा योगायोग बघून भाची खूश झाली. योगायोग कसला, पोरं चिडली की वर जातात. खाली सगळीकडे मोठी माणसं असतात.

आता साठाव्या मेसेजला उत्तर. तिकडे बसून मला काय दिसतं? आमच्या मंडळींना वाटतं की मी सांगणार, बघा, इंग्लंडात यावर कलाकृती होतात, म्हणून इंग्लंडातली मुलं सुखरूप. तसं असतं तर बरं झालं असतं. इथल्या एका बड्या निवासी शाळेतल्या बंडावरचा, पोरांच्या हातात थेट बंदुका देणारा चित्रपट 1968 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. टाळ्या वाजल्या. त्या देशातल्या खासगी शाळांमधून छडी कायद्याने हद्दपार झाली 1999 मध्ये. मधली तीस वर्षं प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी गेले आणि पोरांना त्याच शाळांत पाठवत राहिले. बालकांच्या लैंगिक शोषणाची सरकारी स्वतंत्र चौकशी सुरू झाली 2015 मध्ये. निवासी शाळांवरचा तिचा अहवाल मार्च 2022 मध्ये आला आणि अंतिम अहवाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. संस्थेची अब्रू आधी आणि मूल मागाहून, हे त्यात पुन्हा पुन्हा सापडतं.

माझा ऑफिसातला एक सहकारी आठव्या वर्षापासून असल्या शाळेत होता. जेवताना तो तिथल्या एका मास्तरची नक्कल करतो. टेबल हसतं. एकदा हसणं ओसरल्यावर मी विचारलं, घरी सांगितलं होतंस? तो सँडविचचा कागद घडी घालत राहिला. चौकोनी घडी, मग त्याची अर्धी, मग आणखी अर्धी. इथे ही गोष्ट कादंबऱ्यांत, विनोदांत, आत्मचरित्रांत इतकी मुरली होती की सगळ्यांना माहीत होती, आणि माहीत आहे म्हणूनच कुणी काही करत नव्हतं. आमच्याकडे झाकलं जातं, यांच्याकडे किस्सा होतो. मुलाच्या दृष्टीने फार फरक नाही.

फरक पडला तो फार रटाळ गोष्टींनी. मुलीच्या प्राथमिक शाळेत मी चार वर्षं पालक-गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळावर पालकांचा प्रतिनिधी होतो. बाहेरच्या माणसाच्या गळ्यात लाल पट्टी, आणि त्याला कुठेही एकटं फिरू द्यायचं नाही. मलाही नाही, वर्गात मुलगी बसलेली असताना. दर सप्टेंबरला सरकारची मुलांच्या सुरक्षेची पुस्तिका नव्याने येते आणि शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ती वाचल्याची सही करतात. त्यात एक सूचना आहे: हे आपल्याकडेही घडू शकतं, असंच धरून चाला. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अपमान वाटला होता. "आमच्याकडे असलं काही नाही" या वाक्यावर वाढलेला माणूस मी.

पुढे एकदा मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी एका निवासी शाळेत गेलो होतो. वसतिगृहाच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर एक कागद चिकटवलेला. त्यावर चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आणि एका बाईंचा फोटो. या शाळेच्या नोकरीत नसलेल्या, मुलांनी थेट फोन करावा म्हणून नेमलेल्या. असा बाहेरचा माणूस ठेवणं इथल्या निवासी शाळांना बंधनकारक आहे. कागद तिथेच का, म्हणून विचारलं तर हाउसमास्तरीणबाई म्हणाल्या, दिवसभरात मूल एकटं वाचू शकेल अशी जागा तेवढीच.

आणि आता ग्रुपमधल्या कुणालाच न आवडणारी गोष्ट. कागदावर भारत आधी पोचला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंडच्या चौकशीने अशा सक्तीची शिफारस केली ती 2022 मध्ये, दहा वर्षांनी. म्हणजे भाचीच्या एकांकिकेतल्या "अभ्यासात लक्ष घाला" म्हणणाऱ्या बाई गुन्हेगार आहेत. मार्गदर्शक सरांना हे दिसलं नाही. त्यांना "ए" दिसला.

बंडही आपल्याला परकं नाही. जुलै 2018 मध्ये आदिवासी वसतिगृहांतली मुलं-मुली खानावळीऐवजी खात्यात पैसे देण्याच्या धोरणाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती. आश्रमशाळेतली पोरं वाईट जेवणाची, न येणाऱ्या मास्तरांची तक्रार घेऊन प्रकल्प कार्यालयापर्यंत पायी जातात. पेपरात आतल्या पानावर दोन कॉलम बातमी येते.

मी स्वतः पाचवी ते दहावी वसतिगृहात काढली. कुठल्या, ते राहू दे. आठवीत असताना वरणात सलग तीन दिवस किडे निघाले. आम्ही दीडशे पोरांनी ताटं वाजवली आणि एक दिवस उपाशी राहिलो. आचारी बदलला. हा पराक्रम आम्ही अजून सांगतो, ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी आठवण काढतोच. त्याच वसतिगृहात एक सर रात्री पाचवी-सहावीच्या पोरांना पाय दाबायला बोलवायचे. ठरावीक पोरांनाच बोलवायचे. आम्हाला माहीत होतं. ज्याला बोलावणं येई त्याला आम्ही एक नाव पाडलं होतं. सरांना नाही, त्या पोराला. ऑफिसबाहेर सूचनापेटी होती आणि तिची किल्ली सरांच्याच जानव्याला असायची. वरणासाठी दीडशे ताटं वाजली. या गोष्टीसाठी एकही चमचा वाजला नाही. ताट वाजवताना काय म्हणायचं ते आम्हाला ठाऊक होतं, "वरण बदला". दुसऱ्या गोष्टीसाठी आमच्याकडे वाक्यच नव्हतं.

म्हणून मला टॉर्चपेक्षा शेवटचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. टॉर्च प्रेक्षकांनी बातम्यांत पुष्कळ पाहिलाय. भाचीला मी तसं कळवलं. तिने उत्तरादाखल तालमीचा व्हॉइस मेसेज पाठवला, दोन शेवट करून बघितलेले. एकात मुलगी "ए रेक्टर, वर बघ" म्हणते. दुसऱ्यात "अहो रेक्टर सर, वर बघा." दुसऱ्याला तालमीतली पोरं खो खो हसतात आणि मग एकदम गप्प होतात. मी तो बसमध्ये तीनदा ऐकला. तिचं अजून ठरत नाहीये. "मामा, तुला कुठलं आवडलं?"

उत्तर द्यायचं राहिलंय. हा लेख पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की वर मी "बोलवायचे" असं लिहिलंय. ते बदलून "बोलवायचा" केलं. चहा टाकला, परत येऊन वाचलं आणि पुन्हा "बोलवायचे" केलं. असं दोनदा झालं. बावन्न वर्षांचा आहे मी, सर वारूनही बरीच वर्षं झाली. तूर्त "बोलवायचे"च आहे.