वाघाच्या गुहेला शाळा म्हणणाऱ्यांसाठी

'जपानच्या अनाथ वाघाची सत्यकथा' हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. वर वाघाच्या मुखवट्यातल्या मल्लाचा फोटो, मध्ये हात जोडलेले पाच-सहा इमोजी आणि शेवटी 'डोळे पाणावले तरच पुढे पाठवा'. इतर ग्रुपांवर येत होता तोवर मी तो न उघडता पुढे सरकत होतो. परवा तो घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारे आमचे दाजी आणि खाली ताईचा शेरा, 'खूपच प्रेरणादायी!' तेव्हा मात्र नीट वाचला आणि डोकं फिरलं.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉरवर्ड सांगतो की नाओतो दाते नावाचा मुलगा हिरोशिमाच्या अणुबॉम्बमध्ये अनाथ झाला, त्याचा चेहरा भाजला म्हणून तो वाघाचा मुखवटा घालू लागला. आल्प्समधल्या एका गुप्त शाळेत त्याने मरणप्राय कष्ट सोसले आणि 'टायगर मास्क' या नावाने तो जगज्जेता झाला. आयुष्यात एकही कुस्ती हरला नाही, 1969 साली मुंबईत येऊन त्याने दारासिंगांना चीत केलं. सगळी कमाई अनाथांना वाटली आणि शेवटी हिरोशिमातच आखाड्यात प्राण सोडला. जपानने त्या गुप्त शाळेची पद्धत पुढे सगळ्या शाळांत लागू केली, आणि 'आपण मात्र मुलांना लाडावून ठेवतो'.

आधी मूळ मुद्दा. नाओतो दाते नावाचा मल्ल कधी जन्मलाच नाही. ते चित्रकथेतलं पात्र आहे. इक्की काजिवारा यांनी लिहिलेली आणि नाओकी त्सुजी यांनी चितारलेली 'टायगर मास्क' ही मांगा 1968 ते 1971 या काळात कोदान्शा या प्रकाशनाच्या मुलांच्या नियतकालिकांतून क्रमशः छापून आली. ऑक्टोबर 1969 पासून त्यावर टीव्हीवर कार्टून मालिका सुरू झाली, 105 भाग चालली. कथेत जायंट बाबा आणि अँतोनियो इनोकी हे त्या काळचे खरेखुरे मल्ल स्वतःच्या नावाने वावरतात, त्यामुळे वाचणाऱ्याची थोडी फसगत होऊ शकते, एवढं मान्य. पण म्हणून नायक खरा ठरत नाही.

मग फोटोतला माणूस कोण? तो सातोरू सायामा. 1981 साली 'टायगर मास्क'ची दुसरी कार्टून मालिका येणार होती. इनोकीच्या न्यू जपान या कुस्ती कंपनीने तेवढ्यात खराखुरा टायगर मास्क आखाड्यात उतरवायचं ठरवलं. सायामा तेव्हा इंग्लंडमध्ये ब्रूस लीचा नातेवाईक असल्याच्या थाटात 'सॅमी ली' या नावाने खेळत होता. त्याला बोलावून घेतलं. 23 एप्रिल 1981 रोजी तोक्योच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये त्याची पहिली लढत डायनामाइट किड या इंग्लिश मल्लाशी झाली. मुखवटा घाईत शिवलेला होता, कार्टूनमधलं पात्र आलं म्हणून प्रेक्षक आधी हसले. पण त्याच्या उड्या आणि लाथा सुरू झाल्या आणि तेच प्रेक्षक वेडे झाले. फॉरवर्डमधला रंगीत फोटो या काळातला दिसतो, आणि खाली 'दुर्मिळ फोटो, 1965' असं लिहिलंय. 1965 मध्ये ही चित्रकथाही सुरू झाली नव्हती.

हिरोशिमाचं म्हणाल तर लाज वाटावी असा प्रकार आहे. कथेतला नाओतो चांगला देखणा आहे. मुखवटा काढला की तो झकपक कपडे घालून 'चिबिक्को हाउस' या अनाथाश्रमात जातो, तेव्हा तिथली मुलं त्याला श्रीमंत, नखरेल दादा समजतात. हाच टायगर मास्क आहे हे त्यांना कळू नये, त्यासाठी ही सगळी लपवाछपवी. भाजलेला चेहरा कुठेही नाही. मुखवटाधारी मल्ल ही मुळात मेक्सिकोत रुजलेली परंपरा, आणि जपानी प्रेक्षकांना मुखवट्याची गोडी लावली ती डिस्ट्रॉयर या अमेरिकन मल्लाने. मे 1963 मधली त्याची आणि जपानी मल्ल रिकिदोझानची लढत 64 टक्के प्रेक्षकांनी टीव्हीवर पाहिली होती. ज्यांचे चेहरे खरंच भाजले त्यांची दुःखं अजून ताजी आहेत. इमोजीला जोर यावा म्हणून ती वापरायची नसतात.

आता त्या 'शाळे'बद्दल. याच मुद्द्यासाठी मी हे लिहायला बसलो.

कथेत तिचं नाव 'वाघाची गुहा'. ती आल्प्सच्या डोंगरात आहे, एवढं फॉरवर्डने बरोबर उचललंय. पण ती गुहा म्हणजे त्या कथेतली खलनायक संघटना आहे! जगभरातून अनाथ, बेवारस मुलं गोळा करायची, अघोरी कसरतींत जी मरतील ती मरू द्यायची, आणि जी उरतील त्यांना नियम मोडणारे, रक्त काढणारे क्रूर मल्ल बनवून बाजारात सोडायचं. वर त्यांच्या कमाईतला अर्धा हिस्सा जन्मभर वसूल करायचा. नाओतो याच गुहेतून बाहेर पडतो आणि अमेरिकेत 'पिवळा सैतान' म्हणून कुप्रसिद्ध होतो. जपानला परतल्यावर तो पैसे अनाथाश्रमाला देऊन टाकतो, गुहेचा हिस्सा थकतो, आणि मग गुहा त्याला संपवायला एकामागून एक मारेकरी मल्ल पाठवत राहते. सगळी कथा या एका भांडणावर उभी आहे. माणूस ज्या नरकातून सुटायला धडपडला, त्या नरकाला फॉरवर्ड लिहिणाऱ्याने गुरुकुल करून टाकलंय. कंसमामाला आदर्श पालक म्हणावं तसं हे झालं.

आणि जपानने ही पद्धत शाळांत लागू केली म्हणे. खलनायकाचा अभ्यासक्रम कुठल्या देशाचं शिक्षण खातं राबवेल, दाजी?

हे हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमचा भाचा दहा वर्षांचा आहे आणि तालमीत जातो. दाजींनी त्याला हे मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर पोराचा खांदा दुखत होता तरी त्याने कुणाला सांगितलं नाही. शर्ट घालताना हात वर जाईना, तेव्हा ताईच्या लक्षात आलं. का सांगितलं नाहीस, तर म्हणे टायगर मास्क गुहेत कधी रडला नाही. भाच्याच्या वस्तादांना विचारा. ते मातीत उतरवण्याआधी अंग गरम करून घेतात, खुराकाचं विचारतात आणि दुखलं तर आठवडाभर घरी बसवतात. दुखणं लपवणारा पोरगा त्यांनाही नको असतो.

गंमत म्हणजे कथेतही असा एक पोरगा आहे. अनाथाश्रमातला केंता टायगर मास्कचा भक्त. टायगर मास्क आखाड्यात घाणेरडे डाव खेळतो म्हणून तोही तसाच मारामाऱ्या करायला लागतो. ते कळल्यावर नायक हादरतो आणि स्वच्छ खेळायचं ठरवतो. म्हणजे मोठ्यांचा चुकीचा किस्सा मुलगा कसा उचलतो, हे काजिवारांनी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. फॉरवर्ड बनवणाऱ्याने मूळ कथा वाचली असती तर निदान एवढं तरी दिसलं असतं.

कथा बाजूला ठेवून खऱ्या माणसांकडे पाहायचं तर डायनामाइट किडकडे पाहा. सायामासारखंच तोही शरीराची पर्वा न करता खेळला, त्या दोघांच्या लढती आजही लोक शोधून शोधून पाहतात. पुढे त्याची पाठ गेली, पाय गेले, चाकाच्या खुर्चीत दिवस काढले आणि 5 डिसेंबर 2018 ला, आपल्या साठाव्या वाढदिवशी तो गेला. व्यावसायिक रेसलिंगचा निकाल आधी ठरलेला असतो, आपल्या भाषेत नुरा कुस्ती. पण मणक्याला ते कोण सांगणार? तो खराच मोडतो.

'एकही कुस्ती हरला नाही' हे दोन ओळींत संपतं. टायगर मास्क हा मुखवटा आतापर्यंत अनेक जणांनी घातला. तिसरा टायगर मास्क कोजी कानेमोतो 4 जानेवारी 1994 ला तोक्यो डोममध्ये जुशिन लायगरकडून हरला आणि पैजेप्रमाणे सगळ्यांसमोर मुखवटा काढून बसला. राहिले दारासिंग. 1969 साली टायगर मास्क फक्त कागदावर आणि पडद्यावर होता, त्यामुळे मुंबईत त्याने कुणाला चीत केलं असेल तर ते गोष्ट सांगणाऱ्याच्या अकलेला. दारासिंगांनी 1968 मध्ये मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवलं, ती आठवण इथे कुणीतरी उलटी करून चिकटवलेली दिसते.

मृत्यूच्या मुद्द्यात मात्र एक खरी गोष्ट विस्कटून पडली आहे, म्हणून जरा थांबतो. चित्रकथेचा शेवट असा आहे की गाडीखाली येणाऱ्या एका मुलाला वाचवताना नाओतो स्वतः सापडतो, आणि आपण कोण हे कळू नये म्हणून मरता मरता खिशातला मुखवटा पाण्यात फेकून देतो. टीव्ही मालिकेत तो मरतच नाही. शेवटच्या लढतीत त्याचा मुखवटा फाडला जातो आणि नंतर तो विमानाने देश सोडतो. खऱ्या माणसाला असे दोन वेगवेगळे शेवट मिळत नाहीत. पण हिरोशिमा कुठून आलं? ते आलं मित्सुहारू मिसावा या खऱ्या मल्लाकडून. ऑल जपान कंपनीत 1984 पासून तो दुसरा टायगर मास्क होता. 14 मे 1990 रोजी लढत चालू असतानाच त्याने जोडीदार कावादाला मुखवट्याची दोरी सोडायला सांगितली, तो भिरकावून दिला आणि पुढे स्वतःच्या नावाने खेळला. त्यानंतर महिन्याच्या आत त्याने जंबो त्सुरुताला हरवलं आणि तो मोठा झाला तो मुखवट्याशिवाय. 13 जून 2009 रोजी हिरोशिमात जोडीच्या लढतीत पाठीमागून उचलून आपटल्यावर त्याच्या मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली आणि तो वाचला नाही. वय 46. हा मृत्यू खरा आहे, जपानी वर्तमानपत्रांत पानभर छापून आलेला आहे. त्याला अणुबॉम्बची आणि चित्रकथेची फोडणी देऊन एकाच पातेल्यात ढवळणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

शेवटचा दावा अनाथांना वाटलेल्या पैशांचा. इथे फॉरवर्डला अर्धे गुण द्यावे लागतात, नाइलाज आहे. टायगर मास्कच्या नावाने जपानमध्ये अनाथ मुलांना खरोखर मदत झाली, फक्त ती कुठल्या जगज्जेत्याने केली नाही. 25 डिसेंबर 2010 ला गुन्मा प्रांतातल्या मायेबाशीत, मुलांच्या सरकारी सल्ला केंद्राच्या दाराशी दहा नवी कोरी दप्तरं सापडली. जपानमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलाला जे कडक चामडी दप्तर घेतात, रान्दोसेरू, ती. बरोबरच्या चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव होतं नाओतो दाते. ही बातमी पसरली आणि जानेवारीत देशाच्या सर्व 47 प्रांतांत अनाथाश्रमांच्या दारांशी दप्तरं, खेळणी, पैसे, भाजीपाला असं काय काय येऊन पडू लागलं. कुणी नाओतो दाते म्हणून सही केली, कुणी दुसऱ्याच एखाद्या कार्टूनमधल्या नायकाच्या नावाने.

पहिली दप्तरं ठेवणारा माणूस सहा वर्षं गप्प राहिला. डिसेंबर 2016 मध्ये तोक्योच्या कोराकुएन हॉलमध्ये, सायामाच्याच संस्थेने भरवलेल्या कुस्तीच्या कार्यक्रमात तो पुढे आला. मल्ल वगैरे कुणी नव्हता, नोकरी करणारा साधा माणूस. लहानपणीच आई गेली होती आणि शाळेत जाताना स्वतःला असं दप्तर मिळालं नव्हतं, एवढं त्याने सांगितलं. यातली एक ओळही त्या फॉरवर्डमध्ये नाही, कारण यात आल्प्स नाही, रक्त नाही आणि दारासिंगही नाहीत. दाजी, पुढे पाठवायची इतकी हौस असेल तर या शेवटच्या दोन परिच्छेदांचा स्क्रीनशॉट घ्या, आणि तालमीच्या ग्रुपवर टाकलेला तो वाघ आजच्या आज डिलीट करा.