‘जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो. गरिबाची मुले मागे राहतात ती आईवडील त्यांना मोठी स्वप्ने दाखवत नाहीत म्हणून. जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही. आणि तसेही गरिबीत वाढलेली मुले अधिक समाधानी असतात, असे त्यात म्हटलेले असते.

यातला पहिला आरोप सर्वांत अन्यायकारक आहे. मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पाने कात्रीने कापत, हजार विड्यांवर मजुरी घेणारी निपाणीची बाई आपल्या मुलीनेही विड्याच वळाव्यात असे म्हणताना मी कधी ऐकलेले नाही. मुलगी नर्स व्हावी, शिक्षिका व्हावी, हेच ती सांगते. फक्त तिथवर जाण्याची वाट ठाऊक असलेले माणूस त्या घरात नसते. बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर राबणाऱ्या एखाद्या मराठी बापाला कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही; मुलीच्या शिष्यवृत्तीची कन्नडमधली सूचना वाचून घ्यायला तो शेजारी शोधतो, तोवर मुदत टळून जाते. तिच्याच वर्गात असलेल्या, प्राध्यापकाच्या मुलाच्या घरी मात्र, पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागणार हे धरून आठवीपासूनच तयारी चालू असते.

आकांक्षा उपदेशाने वाढत नाहीत. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ज्या पंचायतींचे प्रमुखपद लागोपाठ दोन निवडणुकांत स्त्रियांसाठी राखीव होते, तिथे मुलगे आणि मुली यांच्याबाबत आईवडिलांच्या आकांक्षांमधली दरी २५ टक्क्यांनी आणि किशोरवयीनांच्या स्वतःच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तिथल्या मुलींच्या डोळ्यांसमोर कारभार पाहणारी बाई होती, एवढेच.

हमालाचा मुलगा अधिकारी झाल्याचे उदाहरण खरे असते आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु एकदा नापास झाल्यावर पुन्हा वर्षभर घरी बसून अभ्यास करण्याची मुभा किती घरे देऊ शकतात, हे त्या उदाहरणातून कळत नाही.

समाधानाविषयीही तेच. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीच माणसे तोडणीपूर्वी, हात तंगीत असताना, बौद्धिक चाचण्यांत मागे पडली आणि उसाचे पैसे आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. तंगीची काळजी मन व्यापून टाकते, असा त्याचा अर्थ. चिकोडी-अथणीकडे साखर कारखान्याकडून येणाऱ्या उसाच्या बिलाकडे डोळे लावून बसलेल्या घरातल्या मुलाला ही काळजी रोज ऐकू येते, म्हणून तो सहलीची वर्गणी मागतच नाही. त्या गप्प बसण्याला समाधान ठरवले, की त्याच्यासाठी काही करण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही, आणि या मजकुराबद्दल माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.