जामसाहेब आणि पोलिश मुले : एका फिरत्या संदेशातील चुका

व्हॉट्सअॅपवर वारंवार फिरणारा एक संदेश बहुतेकांनी वाचला असेल. हिटलरने पोलंडवर हल्ला केल्यावर पोलिश सैनिकांनी ५०० स्त्रिया आणि २०० मुले एका जहाजात बसवून दिली. इराणच्या इस्फहान बंदराने त्यांना थारा दिला नाही, सेशेल्सने दिला नाही, एडननेही दिला नाही. शेवटी भरकटत ते जहाज जामनगरला लागले आणि तेथील महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी सर्वांना नऊ वर्षे सांभाळले. त्यांतलाच एक जण पुढे पोलंडचा पंतप्रधान झाला आणि आजही पोलंडचे खासदार जामसाहेबांचे नाव घेऊन शपथ घेतात, असा त्याचा सारांश आहे. जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला, हे पूर्णपणे खरे आहे. त्याभोवती रचलेले बाकीचे जवळजवळ सगळे चूक आहे, आणि त्यातील काही चुकांमुळे तर इतरांवर अन्याय होतो.

सर्वांत मोठा अन्याय इराणवर झाला आहे. इस्फहान हे इराणच्या मध्यभागी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले शहर असून तेथे बंदर असण्याचा प्रश्नच नाही. पण ही केवळ भूगोलाची चूक नाही. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तेव्हा इराणमध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा ठाण मांडून बसल्या होत्या आणि धान्याची टंचाई होती, तरीही त्या देशात या लोकांना जागा मिळाली. त्यांच्यातील हजारो मुलांची सोय इस्फहानमध्ये करण्यात आली, म्हणून पोलिश लोक या शहराला ‘पोलिश मुलांचे शहर’ म्हणतात. ज्या गावाने दार उघडले, त्याच गावावर दार लावल्याचा आळ हा संदेश घेतो. आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहती, मेक्सिको आणि न्यूझीलंड यांनीही या निर्वासितांना आसरा दिला होता.

दुसरी चूक हिटलरविषयीची. त्याने पोलंडवर हल्ला केला हे खरेच. परंतु भारतात आलेली मुले त्याच्या नव्हे, स्टालिनच्या तावडीतून सुटली होती. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरले आणि १९४० पासून तेथील कुटुंबेच्या कुटुंबे मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात व कझाकस्तानात पाठवली गेली. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटल्यानंतर परदेशात आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी मॉस्कोशी करार केला, कैदी सुटले, जनरल आंदेर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले आणि त्या सैन्याच्या मागोमाग भुकेने खंगलेली, पुष्कळदा आईबाप गमावलेली मुले दक्षिणेकडे आली. पुढे पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यामुळे या हकिकतीवर अनेक वर्षे उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. स्टालिनचे नाव गाळले की हे मौनही कळेनासे होते.

भरकटलेल्या जहाजाचेही तसेच. मुलांची पहिली तुकडी सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबादहून इराणमधील मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशी मजल दरमजल करीत लॉऱ्यांतून आली, पुढे मुंबईला पोहोचली, काही काळ वांद्र्यात राहिली आणि जुलै १९४२ मध्ये जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. मुंबईतील पोलिश वकिलातीने आणि तेथील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी कीरा बनाशिन्स्का यांनी त्यासाठी अपार धडपड केली होती. दाराशी आलेल्याला आत घेणे मोठेच; जामसाहेबांनी मात्र दूरवरच्या परक्या मुलांना आपण होऊन बोलावून घेतले, आणि संदेशातील योगायोगाने नेमका हाच मोठेपणा झाकला जातो. तेथे वाढलेल्यांच्या आठवणींत एक प्रसंग येतो : रोज पालक वाढला जातो म्हणून मुलांनी खायचे नाकारले आणि जामसाहेबांनी पालक बंद करण्याचा हुकूम दिला.

बालाचडीची छावणी १९४६ पर्यंत, म्हणजे चारेक वर्षे चालली. नऊ वर्षे नव्हे. तेथील कोणीही पुढे पोलंडचा पंतप्रधान झालेला नाही. खासदारांच्या शपथेचा मजकूर पोलंडच्या राज्यघटनेच्या १०४ व्या कलमात दिलेला आहे; त्यात राष्ट्र, राज्यघटना आणि कायदे यांचा उल्लेख आहे, इच्छा असल्यास देवाचे नाव जोडता येते, पण कोणाही व्यक्तीचे नाव नाही.

मराठी माणसाने तर हा संदेश पुढे पाठवण्याआधी थांबावे, कारण त्यात वळिवडे नाही. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता, आणि बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही येथेच आली. छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. नाताळच्या आदल्या दिवसाला पोलिश लोक ‘विगिल्या’ म्हणतात. संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट पाहतो, तशी त्या दिवशी पोलिश घरांत पहिली चांदणी उगवण्याची वाट पाहतात. मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, ‘ओपवाटेक’ नावाची पातळ पापडी एकमेकांच्या हातातून मोडून खातात आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडून ठेवतात. ज्यांचे बाप आणि भाऊ आंदेर्सच्या सैन्यात लढत होते, त्या वळिवड्याच्या बायकामुलांना त्या रिकाम्या ताटाकडे पाहताना काय वाटत असेल, याची कल्पना करवत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्या जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक वसले. तेच आजचे गांधीनगर.

जामसाहेबांचा खरा सन्मान पोलंडने केलेलाच आहे. वॉर्सात त्यांच्या आठवणीसाठी ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे, तेथील एका शाळेने त्यांना आपले आश्रयदाते मानले आहे आणि पोलंड सरकारचा मरणोत्तर सन्मानही त्यांना मिळाला आहे. त्याच वॉर्सात कोल्हापूरचेही स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या दोन्ही ठिकाणी पुष्पचक्र वाहिले, आणि कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला कृतज्ञतेचा स्तंभ आजही कोणालाही जाऊन पाहता येतो.