सेल तुम्ही आणले तेव्हाच बाहेर होते, काका

नमस्कार काका,

दुकानातून तुम्हाला नाराज होऊन जावं लागलं, माफी असावी. दीड तास बसवून ठेवलं हेही खरं. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, होम मैदानावरून येताना जो तो मोबाईलची फुटलेली काच घेऊन आमच्याच पायरीवर. त्यात तुमचा नंबर मागं पडला. चुकलंच.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, ‘यांच्या अडाणी पोरानं सेल काढून मशीन तसंच टाकून ठेवलं, माझी सगळी जुनी डायरी पुसून टाकली, वर साडेतीनशे रुपये उकळले.’ हे वाचल्यापासून घास गोड लागेना झालाय. पैशाचं नंतर बोलू. आधी सेलचं.

तुम्ही काउंटरवर रुमाल सोडलात तेव्हा त्यात पाम थ्री-एक्स-ई, म्हणजे पेनानं लिहायची खिशातली डिजिटल डायरी होती, आणि शेजारी शेंगा चटणीच्या रिकाम्या पिशवीत, रबर लावून, दोन ट्रिपल ए सेल. पांढरी भुकटी सुटलेले. ‘फुगले होते म्हणून घरीच काढले,’ असं तुम्हीच म्हणालात. कॅमेऱ्यात आहे सगळं, पण तुमचा पाणउतारा करायचा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता त्या मशीनचं. ते २००० सालचं मॉडेल, ८ एमबी. आजच्या मोबाईलमध्ये चार्जिंग संपलं तरी नंबर राहतात. यात तसं नाही. नावं, नोंदी, तारखा, सगळं रॅममध्ये, आणि ती रॅम त्या दोन सेलवर जगते. सेल बदलेपर्यंत आत एक कपॅसिटर दम धरतो, तोही किती, तर एक मिनिट. कंपनीच्या पुस्तकातच होतं की जुने काढल्यावर मिनिटाच्या आत नवे घाला. तुम्ही सांगितलंत, मुलीच्या लग्नानंतर म्हणजे २००६ पासून ते कपाटात. सेल आतच राहिले असते तरी नुसते पडून काही महिन्यांत उतरले असते. म्हणजे डायरी गेली ती तेव्हाच, तुमच्या कपाटात. आमच्या बाकावर नाही.

आमच्या पोरानं काय केलं तेही सांगतो. सेलच्या पाण्यानं खाल्लेल्या पट्ट्या घासल्या, एक स्प्रिंग तुटायला आली होती ती बदलून डाग दिला, नवे सेल घातले. स्क्रीन लागली आणि फुलीवर पेन टेकवा म्हणाली. तो मला हाक मारून म्हणतो, ‘मालक, ह्यो गेम हाय का?’ कोरं झालेलं मशीन पहिल्यांदा तेच विचारतं. मी लांबूनच ओळखलं. पोरगा आयटीआय झालेला आहे काका, अडाणी नाही. फक्त ते मशीन त्याच्यापेक्षा वयानं मोठं आहे.

माझी चूक पुढंच आहे. तेव्हाच बाहेर येऊन सांगायला हवं होतं की आत काही उरलं नाही. पण तुम्ही रंगात आला होता. २००१ साली सुताच्या बाजारात खिशातून हे काढून पार्टीची बाकी सांगितली की दलाल कसे भोवती जमायचे, ते सांगत होता. ग्राफिटीचा, म्हणजे पामवर पेनानं लिहायच्या लिपीतला ‘ए’, मधली आडवी रेघ न मारता, नुसता डोंगर, तुम्ही बोटानं माझ्या काचेवर काढून दाखवलात. माझी जीभ उचलली नाही. माझ्याकडेही पाम एम-१०० होतं, गिऱ्हाइकांची कामं मी त्यातच लिहायचो. आजही माझ्या हातून ‘ए’ तसाच डोंगरासारखा पडतो. तुमच्या बिलावर बघा, सेलपुढं तीन डोंगर आहेत.

बरं, पैसे. साडेतीनशेत नवे सेल आले, स्प्रिंग आली, पाऊण तासाची मजुरी आली. मशीन चालू करून दिलं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असो. शंभर रुपये परत घेऊन जा, वाद नको. २६ वर्षं नवी पेठेत बसतोय, ‘उकळले’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. हल्ली नवीन माणूस आधी स्टार बघतो, मग पायरी चढतो, हे तुम्हालाही माहीत आहे. जुन्या वस्तूंसाठी आधी लिहून घ्यायची काहीतरी पद्धत करतोय.

एक राहिलं. तुम्ही म्हणालात, जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे. मशीन स्टँडमध्ये ठेवून हॉटसिंकचं बटण दाबत होता ना? मग सगळ्याची एक नक्कल त्यात उतरलेली असणार. सी ड्राइव्हमध्ये पाम नावाचं फोल्डर, त्यात तुमच्या नावाचं, त्यात ‘ॲड्रेस’ नावाचं, आणि त्यात ‘ॲड्रेस डॉट डॅट’ ही फाइल. हार्ड डिस्क फिरली तर नंबर मिळतील. फिरेलच असा शब्द देत नाही. बघण्याचे पैसे घेणार नाही.

स्टारचं तुमचं तुम्ही ठरवा. रविवार सोडून कधीही अकरानंतर या. सीपीयू जड असेल तर फोन करा, घरी येऊन घेऊन जाईल. तोच पोरगा येईल.