वेबसाइटवर घराआधी कागद दाखवा

परवा आमच्या जागांच्या दलालीच्या धंद्यातल्या एका तरुण मुलाने विचारलं, "दादा, वेबसाइट बनवून घेतोय. पंचवीस हजार सांगितलेत. करू का?" मी म्हटलं, कर, पण त्यावर लिहिणार काय ते आधी सांग. तर म्हणाला, "ते बनवणारा टाकतो की सगळं." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. आज सविस्तर लिहितोच, कारण हीच चूक मी २०१४ साली केली होती.

मी डोंबिवली पूर्वेला जागांचं काम करतो. बहुतेक रीसेल आणि भाड्याचं. माझ्या पहिल्या वेबसाइटवरही बनवणाऱ्यानेच सगळं टाकलं होतं. वर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो, खाली 'तुमच्या स्वप्नातलं घर', आणि फोटोतलं एकही घर डोंबिवलीतलं नाही. दोन वर्षांत तिच्यावरून एकही व्यवहार झाला नाही. पुढे त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं, तेव्हा कळलं की डोमेनही, म्हणजे वेबसाइटचा पत्ताही, त्याच्याच नावावर आहे. कार्डं, पाटी, सगळं नव्याने छापावं लागलं. म्हणून त्या मुलाला पहिलं हेच सांगितलं: डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घे. रिन्यूअलची तारीखही आपल्याच डायरीत हवी.

जागांच्या जाहिरातींची मोठी पोर्टल्स असताना एजंटाला स्वतःची वेबसाइट कशाला, असं बरेच जण विचारतात. पोर्टलवर मीही जाहिराती टाकतो. पण तिथे एकच वन बीएचके पाच जण पाच किमतींना टाकतात. फोटो तेच. गिऱ्हाईक फोन करतं आणि ऐकतं, "तो कालच गेला, दुसरा दाखवतो." या एका वाक्याने आमच्या धंद्याची जेवढी बदनामी केली तेवढी दुसऱ्या कशाने केली नसेल. असा फसलेला माणूस रात्री जेवून झाल्यावर मोबाइल घेऊन बसतो, तेव्हा मला फोन करण्याआधी त्याला माझी पारख करता यावी, म्हणून माझी वेबसाइट आहे. जागा गेली की त्याच संध्याकाळी मी ती काढतो. किंमत लिहितो. माझं ब्रोकरेजही लिहितो: विक्रीला दोन टक्के, भाड्याला एक महिन्याचं भाडं. 'किंमत विचारा' असं लिहिणाऱ्यावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही, मग लोकांनी माझ्यावर का ठेवावा?

पण खरा बदल झाला तो त्या ६५ इमारतींच्या प्रकरणानंतर. इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. कल्याण-डोंबिवलीत खोट्या बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, नोंदणी नंबर मिळवले गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. साध्या नोकरदार माणसांनी कर्जं काढून घेतलेली घरं होती ती. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. यातलं एखादं घर माझ्या हातून गेलं असतं तर? महारेराचा नंबर आहे ना, मग झालं, यापलीकडे मी तरी किती तपासत होतो?

त्यानंतर माझ्या वेबसाइटवर प्रत्येक इमारतीसाठी कागदांचं वेगळं पान केलं. बांधकाम परवानगीचा क्रमांक, तो महापालिकेत जाऊन पडताळला का, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीच्या मालकीचा दस्त) सोसायटीच्या नावावर झालंय का. जे स्वतः पाहिलं नाही तिथे 'पाहिलेलं नाही' असं स्पष्ट लिहितो. मालकाचं नाव किंवा इंडेक्स टूची (नोंदवलेल्या खरेदीच्या सरकारी उताऱ्याची) प्रत मात्र टाकत नाही, ते त्यांचं खासगी आहे. समोर बसलं की दाखवतो.

क्षेत्रफळ कार्पेटच लिहायचं. रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. तरीही लोक जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटा धरून 'सहाशे पन्नास सुपर बिल्टअप' लिहून मोकळे होतात, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणतं, "एवढंच?"

ज्या गोष्टी गिऱ्हाइकाला जागा दाखवायला नेताना रिक्षात सांगतो, त्या आधीच लिहा. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट आहे का, स्टेशनला शेअर रिक्षा मिळते का, एमआयडीसीच्या बाजूला रात्री रसायनांचा वास येतो का. वरच्या मजल्यावरच्या घराचे फोटो मी जुलैमध्ये काढतो, पावसात गळतं का ते दिसावं म्हणून. एका मालकांच्या घराच्या छताला ओल होती, मी तसं लिहिलं. ते भयंकर चिडले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना पैशाची निकड होती. घर जायला दोन महिने जास्त लागले. पण ज्या ताईंनी घेतलं त्या ओल माहीत असून आल्या, दुरुस्तीचा खर्च धरून बोलल्या, आणि टोकन दिल्यावर मागे फिरल्या नाहीत. पुढे त्यांच्या बहिणीचंही काम त्यांनी माझ्याकडेच पाठवलं.

कायद्याचंही बघा. प्रकल्पातली घरं विकायची तर एजंटाची महारेरा नोंदणी लागते, २०१७ पासून. आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. मग तो नंबर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात का नको? आणि नव्या प्रकल्पाची जाहिरात टाकताना क्यूआर कोड विसरू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून तो सक्तीचा आहे आणि दंड ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. तो कोड स्कॅन केल्यावर उघडणारी प्रकल्पाची माहिती स्वतःही वाचा, कोड नुसता चिकटवू नका.

आणि मराठीत लिहा. माझ्याकडे निम्मे फोन पुण्याहून, बंगळुरूहून, अमेरिकेतून येतात. आईवडील गेले, रामनगरातलं किंवा टिळकनगरातलं घर बंद आहे, भाड्याने द्यायचंय, यायला सुट्टी नाही. 'बंद घर भाड्याने देताना' या माझ्या पानावर भाडेकरार ऑनलाइन कसा नोंदवायचा, पोलिसांना भाडेकरूची माहिती कशी द्यायची, सोसायटीला काय कळवायचं, एवढंच आहे. एका रविवारी बसून लिहिलं होतं. सगळ्यात जास्त फोन त्याच पानावरून येतात.

त्या मुलाला मी येत्या रविवारी अकरा वाजता ऑफिसात बोलावलंय. धंद्यातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर या. चहा आहेच. येताना आपापल्या दोन इमारतींचे कागद आणा आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते तपासून या.