31 जुलैच्या रात्रीचं रीस्टार्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. विंडोजच्या अपडेटवरच्या लेखात ‘ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवा आणि निर्धास्त राहा’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही लिहिता, 31 जुलै 2024च्या रात्री साडेदहाला, शेवटच्या दिवशी, क्लायंटची आयकर रिटर्न भरता भरता मशीन रीस्टार्ट झालं, पाऊण तास टक्के मोजत बसलं, एका क्लायंटचं रिटर्न राहिलं आणि 5,000 रुपयांचं विलंब शुल्क तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलंत. तेव्हापासून ऑफिसातल्या चारही मशीनवर अपडेटची सर्व्हिस बंद आहे आणि काहीही बिघडलेलं नाही.

‘निर्धास्त राहा’ हे माझं चुकलं. घरचं मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आणि सल्ला मात्र सगळ्यांना देऊन बसले. आईचा लॅपटॉप रात्री कधीही रीस्टार्ट झाला तरी कुणाचं अडत नाही. तिथे आजही मी सगळं आपोआप होऊ देते. कर सल्लागाराच्या ऑफिसात तसं चालत नाही. तुमचा राग रास्त आहे.

त्या रात्री काय झालं असावं याचा माझा अंदाज सांगते. विंडोजमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ नावाची सेटिंग असते. त्या वेळेत ते स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. आपण हात लावला नसेल तर बऱ्याच मशीनवर ही वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 5 असते. तुमचं ऑफिस जुलैअखेरीला मध्यरात्रीपर्यंत चालतं, हे मशीनला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ही वेळ 18 तासांपर्यंत वाढवता येते. माझ्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती, ती असायला हवी होती.

पण सर्व्हिस बंद ठेवणं मला पटत नाही. एक तर विंडोज ती कधीकधी स्वतःच पुन्हा सुरू करतं, म्हणजे वेळेचा भरवसा तसाही नाही. दुसरं मोठं कारण वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. विंडोजमधल्या ज्या भोकातून ते पसरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017ला दिलं होतं. हल्ला झाला 12 मे रोजी. मधले 59 दिवस ज्यांनी ते टाकलं नाही त्यांच्यापैकी अनेकांच्या फायली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तुमच्या मशीनवर शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक खाती आहेत. त्यांनी ती तुमच्या विश्वासावर दिली आहेत, म्हणून मी हा आग्रह धरते.

अपडेटनेच मशीन पडतात यासाठी तुम्ही दिलेला 19 जुलै 2024चा दाखला खरा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलने सुमारे 85 लाख विंडोज मशीन पडली आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, पण तो मुद्दा दुय्यम. कंपनीने ती फाइल 78 मिनिटांत मागे घेतली, तरी तोवर ती सगळीकडे एकदमच पोचली होती. त्याहून तुमच्या धंद्याच्या जवळचं उदाहरण जून 2017चं: युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या हा मशीन निकामी करणारा व्हायरस शिरला, आणि त्याच्या तडाख्यात न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचंही काम अडलं. म्हणजे अपडेटवर आंधळा विश्वास मीही ठेवू नये. मात्र नॉटपेट्या पुढे पसरला तो चोरलेल्या पासवर्डांबरोबरच मार्चमध्ये बुजवलेल्या त्याच भोकातून.

मग काय करायचं? विंडोजचं महिन्याचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. त्यानंतरचा शनिवार कुठल्याही महिन्यात 12 ते 18 तारखेच्या दरम्यानच पडतो. जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नपैकी जीएसटीआर-1ची 11 तारीख उलटलेली, जीएसटीआर-3बीची 20 अजून यायची! हे कॅलेंडरवर पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बुधवारी एकाच, सगळ्यात कमी कामाच्या मशीनवर अपडेट टाका. टॅली, प्रिंटर आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन चालतंय ना पाहा. शनिवारी दुपारी उरलेल्यांवर टाकून स्वतः रीस्टार्ट करा आणि मग अपडेट काही काळ थांबवणारं ‘पॉज’ दाबा. पॉज पाच आठवड्यांपर्यंत मिळतो. जुलैत तीन आठवडे घेतलात की 31 तारीख पार पडते. मुदत संपली की आधी साचलेलं टाकावं लागतं, मगच पुन्हा पॉज मिळतो, आणि ते योग्यच आहे.

शनिवारी अपडेटच्या आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्या आणि डिस्क काढून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं फीचर) चालू असेल तर ते उघडणारा लांबलचक आकडा, म्हणजे रिकव्हरी की, कागदावर लिहून कपाटात ठेवा. जुलै 2024च्या अपडेटनंतर काही मशीननी ती मागितली होती.

दोन मशीन अजून विंडोज 10वर आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याचा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला, त्यामुळे तिथे नुसती सर्व्हिस चालू करून भागणार नाही. ती विंडोज 11 घेतात का ते तपासा. घेत नसतील तर मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा, आणि तोवर क्लायंटची कागदपत्रं त्यांच्यावरून हलवा. मशीनचं मॉडेल कळवलंत तर मी पाहून सांगते. मूळ लेखातली ‘निर्धास्त’ची ओळ आजच बदलली आहे.